सर बदलले की संघ सुधारतो?

मैत्रिणींनो, मुलाला गणितात मार्क कमी पडले की आपण आधी काय करतो? क्लास बदलतो! पनवेलजवळच्या आमच्या ओवे गावात सध्या असंच चाललंय, फक्त गणिताऐवजी हॉकी आहे. माझी मुलगी ज्या संघात खेळते, तो यंदा तिन्ही सामने हरला. झालं! ‘सर बदला’ असा पालकांचा अर्ज तयार झाला आणि सहीसाठी माझ्याही दारी आला.

मी काही खेळातली जाणकार नव्हे. अर्धवेळ शिकवते, उरलेला वेळ घर सांभाळते. पण सही करण्यापूर्वी मोठ्या संघांचं काय झालं, ते पाहिलं. आपल्या खडकीचे धनराज पिल्ले चार ऑलिंपिक खेळले. त्यातलं शेवटचं २००४ चं, अथेन्सचं. ते अगदी तोंडावर आलं असताना राजिंदर सिंग यांना काढून जर्मनीचे गेरहार्ड राख आणले. संघ सातवा आला. २००० साली सिडनीलाही सातवाच होता! पंगत बसायच्या वेळी आचारी बदलला, तर मिठाचा डबा कुठे आहे हे तरी त्याला ठाऊक असणार का?

मग कधी बदलूच नये का? तसंही नाही. २०१६ साली रिओला आपल्या महिलांचा संघ बारांत बारावा आला. पुढल्या वर्षी नेदरलँडचे शोर्ड मरिन आले. मध्येच त्यांना पुरुषांच्या संघाकडे धाडलं, २०१८ मध्ये परत आणलं. त्यानंतर तीन वर्षं मात्र ते टिकले. दमसास वाढवायला वेगळे तज्ज्ञ मिळाले, ओडिशा सरकारचा पैसा मिळाला. २०२१ साली टोकियोत ऑस्ट्रेलियाला १-० असं हरवून या मुली चौथ्या आल्या. सरांबरोबर आणखी किती गोष्टी बदलल्या, पाहा बरं!

आता आमच्या मुलींचं बघा. सराव आठवड्यातून दोन दिवस, तोही मातीवर. पावसाळ्यात चिखल, म्हणून तोही बंद. चाचणी परीक्षा आली की निम्म्या मुली गैरहजर. सामने मात्र कृत्रिम मैदानावर, जिथे चेंडू सरसर पळतो. यात नवे सर येऊन काय करणार?

सर येतच नसतील, मुलींना टाकून बोलत असतील, तर त्यांना एक दिवसही ठेवू नये. आमचे सर वेळेवर येतात, मुली त्यांचं ऐकतात.

मी सही केली नाही. शेजारीण दोन दिवस बोलली नाही. मी दुसरा अर्ज लिहिला : सराव चार दिवस हवा, आणि सामन्यांआधी काही दिवस तरी कृत्रिम मैदानावर हवा. आठ सह्या झाल्यात, शेजारणीचीही! एवढं मिळूनही वर्षभरात मुलींचा खेळ सुधारला नाही, तर सर बदलण्याच्या अर्जावर पहिली सही माझी असेल.