सहा फुटांची भिंत

इंदूरच्या आमच्या पिढीला अडथळे ओलांडायला ज्यांनी शिकवलं ती माणसं फार बोलत नसत. शाळेतले पी.टी.चे सर, व्यायामशाळेतले उस्ताद आणि एन.सी.सी.च्या शिबिरातले फौजी हवालदार. ‘चल’, ‘फिर से’ आणि ‘शाबाश’ यांच्यापलीकडे त्यांचं बोलणं क्वचितच जाई. आता शहरात चिखलाच्या शर्यती धावून आलेली, समुद्र पोहून आलेली, कुस्ती गाजवलेली माणसं व्यासपीठावर उभी राहून बोलतात आणि सभागृह भरतं. दोन्ही काळ मला प्रिय आहेत. तरी जे हातून गेलं त्याची हळहळ वाटतेच.

शाळेत स्नेहसंमेलनाच्या आधी खेळांचा आठवडा असायचा. त्यात सगळ्यांचा लाडका कार्यक्रम म्हणजे अडथळ्यांची शर्यत. जाळ्याखालून सरपटायचं, आडव्या धरलेल्या शिडीच्या खणांतून अंग काढायचं, पोत्यात पाय घालून उड्या मारायच्या आणि शेवटी परातीतल्या पिठात तोंड खुपसून लिमलेटची गोळी दातांनी उचलायची. पांढऱ्या तोंडाची पोरं शेवटच्या दोरीकडे धावत सुटली की आया-आजोबा सगळे उभे राहत. बक्षीस म्हणून स्टीलची वाटी किंवा कंपासपेटी मिळे. तिथे कुणी हरलं म्हणून रडल्याचं मला आठवत नाही.

खरी परीक्षा एन.सी.सी.त. शिबिर महूला, इंदूरहून जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरवर. 1948 पासून तिथे इन्फंट्री स्कूल आहे, त्यामुळे फौज आमच्या शेजारचीच. शिबिरात दहा अडथळ्यांचा पट्टा असे. अरुंद फळीवरून तोल सांभाळत चालणं, फाटकावरून उडी, नागमोडी फळी, जोडखंदक, उतार आणि मधोमध सहा फुटांची भिंत. बाकीचं सगळं जमायचं, भिंतीपाशी पोरं थबकत. हवालदारसाहेब भिंतीला पाठ लावून उभे राहत आणि दोन्ही हातांची बोटं गुंफून पायरी करत. धावत यायचं, त्या पायरीवर पाय द्यायचा, तळहात वरच्या कडेवर टेकायचे, कोपरं सरळ करायची, पोट कडेवर आलं की पाय पलीकडे टाकायचा. दुसऱ्या दिवशी ती पायरी थोडी खाली आलेली असायची. पुढे आणखी खाली. मग एका सकाळी हात तिथे नसतच, आणि आपण भिंतीवर असायचो. त्यांनी हात कधी काढून घेतले ते कळतही नसे. आत्मविश्वास म्हणजे काय हे मला तिथे समजलं, आणि त्यावर एक अक्षरही कुणी उच्चारलं नव्हतं.

व्यायामशाळेतही हीच रीत. लाल माती, कोपऱ्यात मारुती, आणि एरंडेल चोळून गुळगुळीत केलेला सागवानी मल्लखांब. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवं जीवन दिलं आणि मराठी माणूस जिथे जिथे स्थिरावला तिथे ती गेली. होळकरांच्या इंदुरात ती रुजली यात नवल नाही. नवख्या मुलाला आधी सलामी, मग अढी. मांड्यांच्या पकडीत खांब घट्ट धरून उलटं व्हायचं. एरंडेलाचा वास नाकात, रक्त डोक्यात, आणि खाली उस्तादांचा तळवा पाठीपासून चार बोटांवर. तो तळवा पाठीला लागत नसे, पण तो आहे हे ठाऊक असे. फी म्हणून काही नव्हतं. गुरुपौर्णिमेला नारळ आणि वर्षभर आखाड्याची झाडलोट.

या सगळ्याचा सोहळा अनंत चतुर्दशीच्या रात्री. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी या गिरण्यांच्या झाक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघत आणि त्यांच्याबरोबर शहरभरचे आखाडे. लाठी, बनेठी, तलवार, मल्लखांब. जेल रोड, राजवाडा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रात्रभर माणसं. दिवसा साच्यावर उभा राहणारा कामगार त्या रात्री पेटती बनेठी फिरवायचा आणि त्याची मुलं गर्दीत ओरडून ओरडून सांगायची, ते आमचे बाबा! गिरण्या बंद पडल्या, हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात. थकलेल्या पैशांसाठी कामगारांनी तीन दशकांहून अधिक काळ वाट पाहिली. तरी झाक्या निघत राहिल्या आणि आखाडेही चालत राहिले. या शहराचा मला यासाठी फार अभिमान वाटतो.

जगाने अडथळ्यांच्या शर्यतीचा खेळ केला तो अलीकडे. इंग्लंडमध्ये 1987 साली ‘टफ गाय’ सुरू झाली, 2010 मध्ये अमेरिकेत ‘स्पार्टन रेस’ आणि ‘टफ मडर’, 2012 पासून आपल्याकडे ‘डेव्हिल्स सर्किट’. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आधुनिक पंचक्रीडेतली घोडेस्वारी जाऊन तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत येणार आहे. या चिखलाच्या शर्यतींत बर्फाच्या पाण्यात बुडी, तारेखालून चिखलात सरपटणं, लोंबत्या कड्यांवरून पुढे जाणं, आणि अर्थातच भिंत. तिथे मला सगळ्यात काय आवडतं सांगू? भिंतीवर आधी चढलेला अनोळखी माणूस खाली वाकून मागच्याला हात देतो. आणि त्या रांगेत बायका असतात, चाळिशी ओलांडलेल्या, ऑफिसात दिवसभर बसणाऱ्या. आमच्या आखाड्याच्या दारातून त्यांना कुणी आत घेतलं नसतं. हा बदल मोठा आहे आणि तो मनापासून मान्य करायला हवा.

बोलणाऱ्यांचंही तसंच. मिलिंद सोमण ऐंशीच्या दशकात पोहण्यातला राष्ट्रीय विजेता. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, 2015 मध्ये, झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केल्यावर तो जे बोलू लागला ते लोकांनी ऐकलं, कारण त्यामागे घाम होता. आमच्या इंदूरचे कृपाशंकर पटेल अर्जुन पुरस्काराचे मल्ल. ‘दंगल’साठी त्यांनी आमिर खान आणि चित्रपटातल्या मुलींना कुस्ती शिकवली. पडद्यावर दिसलेले ते डाव पाहून कितीतरी आयांनी लेकींना मातीत पाठवलं असेल.

आणि विक्रम अग्निहोत्री. सातव्या वर्षी विजेच्या तारेच्या धक्क्याने दोन्ही हात गेले. हा माणूस पायांनी लिहितो, पोहतो आणि मोटार चालवतो, एक पाय स्टिअरिंगवर, दुसरा पेडलवर. 2016 मध्ये त्याने इंदुरात वाहन परवाना मिळवला. त्यासाठी जे नियम, अर्ज आणि कचेऱ्या पार केल्या तो अडथळ्यांचा पट्टा महूच्या पट्ट्याहून कितीतरी लांब होता, आणि त्यात कुणी हातांची पायरी करून उभं नव्हतं. असा माणूस मुलांपुढे बोलतो तेव्हा शब्दांना वजन येतं. आमच्या काळी हात नसलेल्या मुलाला मैदानाच्या कडेला बसवून ठेवत, प्रेमानेच, पण बसवून ठेवत. आज तोच व्यासपीठावर असतो आणि हातपाय धड असलेले समोर बसून ऐकतात.

मग हळहळ कशाची? दुसऱ्या दिवसाची. व्याख्यान संपतं, फोटो निघतात, मुलगा पेटून घरी येतो, आणि सकाळी साडेपाचला त्याची वाट पाहणारं कुणी नसतं. उस्ताद रोज असायचे. पावसात, परीक्षेच्या दिवसांत, सोयरसुतकातही आखाड्याचं दार उघडं असे. आपण दोन दिवस दिसलो नाही तर उस्ताद घराच्या दारात येऊन आईला विचारत, ‘पोरगा बरा आहे ना?’

हे पुन्हा जमणारच नाही असं मी मानत नाही. 2013 मध्ये मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्य खेळाचा दर्जा दिला. 2020 मध्ये शेजारच्या उज्जैनचे योगेश मालवीय यांना मल्लखांबासाठी द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, तो त्या रोज हजर राहणाऱ्या तळव्याचाच सन्मान. आपल्या शाळांनी वक्त्यांना जरूर बोलवावं, मानाने बोलवावं. फक्त निमंत्रणाच्या पत्रात एक ओळ वाढवावी, की भाषण सभागृहात नको, मैदानावर करा, आणि आमच्या पी.टी.च्या सरांना सोबत घेऊन. मैदानात सहा फुटांची एक विटांची भिंत बांधायला फार पैसे लागत नाहीत. इंदूरच्या जुन्या शाळांचे माजी विद्यार्थी दरवर्षी वर्गणी काढून काही ना काही देतात, पंखे, बाक, पाण्याची टाकी. या वर्षी आमच्या तुकडीने भिंतीचा प्रस्ताव ठेवला आहे, आणि सकाळी तिथे उभं राहायला एक निवृत्त सुभेदार आनंदाने तयार झाले आहेत.