एका जुन्या गिअरबॉक्सची निवड

शाळेच्या वार्षिकात शिक्षकाने लिहावयाचे म्हणजे एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र अथवा एखाद्या सद्गुणावर निबंध लिहावा, अशी वाचकांची अपेक्षा असते. मी मात्र या खेपेस एका जुन्या, तेलकट गिअरबॉक्सविषयी लिहिणार आहे. विषय क्षुद्र वाटेल. परंतु गतवर्षी या वस्तूने मजला जो धडा दिला, तो मी वीस वर्षांत कोणा विद्यार्थ्यास इतक्या चांगल्या रीतीने दिला असेन, असे मला वाटत नाही.

माझा धाकटा भाऊ मेहरूणमध्ये राहतो. काही वर्षांपूर्वी एका अपघातात त्याच्या डाव्या पायातील शक्ती गेली. आमच्या वडिलांची जीप त्याच्या अंगणात कडुनिंबाखाली उभी होती. विलिस जीपच्या नमुन्यावर महिंद्रांनी आपल्या देशात बांधलेल्या गाड्यांपैकी ती एक. गिअर बदलताना डाव्या पायाने क्लच दाबावा लागतो, आणि नेमके तेच त्यास अशक्य झाले होते.

एके दिवशी त्याने सांगितले की, या जीपचा आपण ‘हॉट रॉड’ करणार. हा शब्द अमेरिकेतील आहे. 1930 नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील तरुण फोर्डच्या जुन्या मोटारी स्वस्तात घेत, त्यांचे मडगार्ड व टप उतरवून त्या हलक्या करीत, इंजिनाची शक्ती वाढवीत आणि मुरॉकसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर त्या पळवीत. त्या गाड्यांस पुढे हे नाव पडले. मला हा सर्व प्रकार पोरकटपणाचा वाटला व तसे मी बोलूनही दाखविले. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “दादा, पाय गेल्यापासून मला सगळे जण बसवून नेतात. मला एकदा कोणाला तरी बसवून न्यायचं आहे.” यावर मजपाशी उत्तर नव्हते.

डावा पाय नको असेल, तर गिअरबॉक्स ऑटोमॅटिक हवा. अशी युक्ती काही आजची नव्हे. जनरल मोटर्स या कंपनीने 1940 सालच्या ओल्ड्समोबिल मोटारींसाठी ‘हायड्रामॅटिक’ नावाचा गिअरबॉक्स काढला आणि तोच दुसऱ्या महायुद्धात काही अमेरिकन रणगाड्यांतही बसविला गेला. आजच्या अशा बहुतेक गिअरबॉक्सांत क्लचच्या जागी ‘टॉर्क कन्व्हर्टर’ नावाचा तेलाने भरलेला डबा असतो. समजा, विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवले व एकच चालू केला. तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. येथे वाऱ्याचे काम तेल करते. पुढे गिअर बदलण्याचे कार्यही त्याच तेलाच्या दाबाने होते. म्हणून वैद्य जशी नाडी पाहतो, तसे जाणत्याने प्रथम तेल पाहावे.

आमच्या जीपमध्ये दुसऱ्या एका मोटारीचे डिझेल इंजिन बसवावयाचे ठरले होते. त्यास जुळणारा जुना गिअरबॉक्स शोधण्यास आम्ही निघालो: भाऊ, मी, मिस्त्री आणि मिस्त्रींचा मुलगा. हा मुलगा माझ्या नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसतो, आणि गणितात त्याची गती बेताचीच आहे.

वाटेत मिस्त्रींनी काही गोष्टी समजावून सांगितल्या. लहान मोटारींचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स भंगारात पुष्कळ मिळतात. पण त्यांतील बहुतेकांची पुढची चाके इंजिनाने फिरत असल्यामुळे ते आडवे बसतात, जीपमध्ये उभे बसत नाहीत. इंजिन ज्या जातीचे, गिअरबॉक्सही त्याच जातीचा असला, तर बोल्टांची भोके जुळतात. नव्या काळच्या गिअरबॉक्सास संगणकाची पेटी व तारांचा जुडगाही लागतो. तो सोबत न घेतला, तर उरते ते नुसते लोखंड. आणि शक्य तोवर चालू गाडीतलाच घ्यावा.

एका दुकानात आम्हांस हवा तसा गिअरबॉक्स मिळाला. तो रुपेरी रंगाने चकचकीत केलेला होता, पेटी व तारा होत्या आणि दुकानदार अत्यंत गोडबोल्या होता. शेजारच्या दुकानात मागून चेपलेली एक अख्खी मोटार होती. तिचे इंजिन सुरू होत होते. मिस्त्रींनी ब्रेक दाबून गिअरचा दांडा मागे-पुढे केला, तेव्हा प्रत्येक वेळी क्षणभरात गाडीने हलकासा हिसका दिला. पण तिचा गिअरबॉक्स चिखलाने काळा झालेला, आणि किंमत बारा हजार रुपयांनी अधिक!

मिस्त्रींनी त्या काळ्याकडेच बोट दाखविले. इतक्यात त्या मुलाने रुपेरी गिअरबॉक्सच्या एका नळीच्या तोंडात बोट घातले, हुंगले व तो म्हणाला, “सर, भाकरी करपल्यावर येतो तसा वास येतोय. तेलपण काळं आहे.”

मी म्हणालो, “मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये.”

मिस्त्री माझ्या भिडेस्तव गप्प राहिले. भावाने माझ्याकडे पाहिले, आणि मी पदवीधर मनुष्याच्या आत्मविश्वासाने रुपेरी गिअरबॉक्सच्या बाजूने कौल दिला.

तीन आठवडे खपून तो बसविला. थंड असता गाडी अंगणात दोन हात पुढे गेली आणि भावाच्या डोळ्यांत पाणी आले. पाव घटका झाली, तेल तापले, आणि मग इंजिन गर्जत राहिले, पण चाके हलेनात. तळाचे झाकण उघडले, तेव्हा काजळीसारखी भुकटी व धातूचा चुरा निघाला. आतील क्लचच्या चकत्या केव्हाच जळून गेल्या होत्या. दुकानदाराने पावतीवरील ओळ दाखविली: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

माझ्या भावाने एका शब्दानेही मजला दोष दिला नाही. तो गप्प बसला, आणि त्याचे ते गप्प बसणेच मजला सोसवेना. ती चेपलेली मोटार सुदैवाने तशीच उभी होती. तिचा गिअरबॉक्स मी माझ्या शिल्लकेतून घेतला. आज तो उत्तम चालतो. मात्र मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमान्वये गाडीत मनास येईल तसा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2019 साली हे स्पष्ट केले आहे. म्हणून परिवहन कार्यालयाची संमती मिळेपर्यंत जीप अंगणाबाहेर जाणार नाही, हे भावास मान्य आहे. सध्या तो कडुनिंबाभोवती फेऱ्या घेतो. पहिल्या फेरीत त्याने आमच्या आईस शेजारी बसविले होते.

एक काम राहिले होते. सोमवारी पहिल्या तासास मी त्या मुलास उभे केले आणि घडलेली सर्व हकिकत वर्गापुढे सांगितली. तू खरे बोललास व मी तुला गप्प केले, याबद्दल मी त्याची क्षमा मागितली. तो लाजून खाली पाहू लागला.

पालकहो, परीक्षेच्या गुणपत्रिकेत नाकाच्या पारखीस रकाना नाही. तरी ती विद्याच होय. आणि विद्यार्थिमित्रहो, वडीलधाऱ्यांचा मान अवश्य राखा. परंतु करपल्याचा वास आला, तर नम्रपणे दुसऱ्यांदाही सांगा. आमच्यासारख्यांस पहिल्यांदा ऐकू येतेच असे नाही.