हिरड्यांची साक्ष

मागच्या वर्षी एका सकाळी चूळ भरताना बेसिनमध्ये गुलाबी रेघ दिसली. ब्रश नवा होता. दोष त्याच्यावर ढकलून मी तासाला गेले. चार महिन्यांनी एक दाढ हलू लागली तेव्हा दंतवैद्याकडे जाणे भाग पडले. त्या तरुण डॉक्टरणीने हिरडी आणि दात यांमधली फट बारीक सळईने मोजली आणि विचारले, ‘मॅडम, साखर कधी तपासली होती?’ मला ते विषयांतर वाटले. आठवड्याने अहवाल आला : एचबीएवनसी ८.४.

मग वाचत गेले. साखर सतत चढलेली राहिली की बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात; हिरडीतला दाह शमत नाही आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. हा रस्ता दुहेरी आहे. हिरडीतल्या दाहातून रक्तात उतरणारी द्रव्ये इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतात आणि साखर आणखी चढते. हाराल्ड लोए या दंतसंशोधकाने १९९३ साली हिरड्यांच्या या विकाराला मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटले. हिरड्यांखालची सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४ च्या आसपास उतरतो, असा निष्कर्ष २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात आहे. गंमत अशी, की माधवनिदानातही प्रमेहाच्या पूर्वरूपांत दातांवर मळ साचणे सांगितले आहे.

पण हे सारे वाचताना डोळ्यांपुढे होती ती आई. तिला अकरा वर्षे मधुमेह होता. साखरेचे आकडे ती वहीत नेमाने लिहीत असे. त्याच वर्षांत तिचे दात एकेक करून गेले. ‘मिश्री लावायचे ना, त्याची फळं,’ ती म्हणे. मिश्रीचा वाटा होताच. पण साखरेच्या डॉक्टरांनी तिला कधी ‘आ करा’ म्हटले नाही, आणि दात काढणाऱ्यांनी कधी ती वही मागितली नाही. आमच्या महाविद्यालयातल्या दोन विभागांसारखे : भिंत एक, बोलणे नाही.

आहाराच्या कागदावर भाकरी, काकडी, मोडाची कडधान्ये आणि फुटाणे लिहिलेले होते. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण मी वर्गात किती सहज सांगितली असेल! आमच्या घरात ती अक्षरशः घडत होती. आई मऊ भात खाई, चहात बिस्किटे बुडवून खाई. साखर चढली की मी तिला रागवत असे : ‘आई, तुझा जिभेवर ताबा नाही.’ ती काही न बोलता उरलेले बिस्किट पुड्यात परत ठेवी.

माझी दाढ वाचली. हिरड्यांची सफाई, गोळ्या आणि चालणे यांनी तीन महिन्यांत आकडा ७.३ वर आला. यात कोणाचा वाटा किती, ते मला वेगळे काढता येत नाही. आता रोज रात्री दात घासताना मी आरशात तोंड उघडून पाहते. आईचे तोंड असे उघडून मी एकदाही पाहिले नव्हते.