चार सारख्या कळा

या अंकाकरितां विजेविषयीं कांहीं उपयुक्त लिहावें, अशी संपादकांची सूचना आली, तेव्हां प्रथम माझ्या मनांत धरणें, वीजघरें, उंच मनोरे व तारा असले मोठमोठे विषय आले. लिहावयास बसलों मात्र, आणि डोळ्यांपुढें उभा राहिला तो आष्टीच्या आमच्या घरांतील स्वयंपाकघराचा तेलकट बोर्ड. त्यावर चार कळा होत्या. चारीही एकाच आकाराच्या, एकाच रंगाच्या, एका ओळींत बसविलेल्या. त्या चार कळांनीं आमच्या घरांत २००७ सालच्या उन्हाळ्यांत जें केलें, किंवा खरें सांगावयाचें तर त्यांच्याकडून मीं जें करविलें, तें मीं आजवर कोठें लिहिलें नव्हतें.

आमचें आष्टी वर्धा जिल्ह्यांतील. १९४२ सालीं १६ ऑगस्ट रोजीं, नागपंचमीच्या दिवशीं, येथें जो लढा झाला, त्यामुळें गांवाच्या नांवापुढें लोक ‘शहीद’ हा शब्द आदरानें लावतात. आमचें घर जुनें, मातीच्या जाड भिंतींचें. आजी, मोठे बाबा व मोठी आई, माझे आईवडील, काका-काकू आणि आम्ही चार मुलें, अशीं अकरा माणसें एका चुलीवर जेवत होतों. चूल हा शब्द मी केवळ मानाकरितां वापरतों; खरी चूल केव्हांच मागच्या पडवींत गेली होती, आणि तिच्या जागीं गॅसची शेगडी, मिक्सर व हिंवाळ्यांत पाणी तापविण्याचा रॉड हीं येऊन बसलीं होतीं.

एकत्र कुटुंबांत प्रत्येक वस्तूला पुष्कळ हात लागतात, आणि प्रत्येक हाताची संवय निराळी असते. माझ्या आईची संवय अशी कीं, काम झालें म्हणजे मिक्सरच्या अंगावरील फिरतें बटण शून्यावर आणावयाचें; भिंतीवरच्या कळेकडे ती पाहत नसे. काकूची रीत उलट. ती भिंतीवरची कळ बंद करी आणि यंत्राचें बटण जेथें असेल तेथें, एकावर किंवा दोनावर, तसेंच राहूं देई. दोघींपैकीं एकीचीच सत्ता स्वयंपाकघरावर असती, तर कोणत्याही रीतीनें अपाय झाला नसता. यंत्राकडे जातांना विजेला दोन दारें लागतात. त्यांतलें एक बंद असलें तरी पुरे. परंतु आई आंतल्या दाराला कडी घाली, काकू बाहेरच्या दाराला, आणि प्रत्येकीला वाटे कीं दुसरीनेंहि आपल्यासारखेंच केलें असेल. तिसरी गोष्ट अशी कीं, बाहेरच्या दाराशीं आम्ही मुलें खेळत होतों, हें दोघींच्याहि ध्यानांत नव्हतें.

त्या वर्षांत महाराष्ट्रांत विजेचा मोठा तुटवडा होता. भारनियमन हा शब्द तिसरींतल्या मुलालाहि ठाऊक होता. विदर्भांतील खेड्यांत दिवसांतले कित्येक तास वीज नसे. आमच्याकडे त्याला ‘लाईन गेली’ असें म्हणतात. लाईन गेली कीं कूलर थांबत, घर तापे, आणि सर्वांचे डोळे बल्बकडे लागत. बल्बची कळ मुद्दाम चालू ठेवण्याची रीत घरोघरीं होती, म्हणजे लाईन आल्याचें तत्काळ कळे. आम्हां मुलांत तर ‘लाईन आली!’ ही आरोळी प्रथम कोण ठोकतो याची चढाओढच लागे.

मी तेव्हां सहावींतून सातवींत गेलों होतों. मे महिन्यांतील दुपार. काकू कैरी-कांद्याची चटणी वाटीत असतां लाईन गेली. तिनें आपल्या रीतीप्रमाणें भिंतीवरची कळ बंद केली, यंत्राचें बटण दोनावर राहिलें, आणि ती अंगणांतले पापड उचलावयास गेली. मी पाणी पिण्यास स्वयंपाकघरांत आलों. बल्बची कळ कोणीतरी बंद केलेली होती. चारांपैकीं बल्बची कळ कोणती, हें मला नीट ठाऊक नव्हतें. मधल्या दोहोंपैकीं एक, एवढेंच ठाऊक. तेव्हां मीं मधल्या दोन्ही दाबल्या आणि अंगणांत पळालों. अर्ध्या घटकेनें खिडकींतून बल्ब लागलेला दिसला. मीं आनंदानें ‘लाईन आली!’ असें ओरडलों, आणि माझी आरोळी विरण्यापूर्वीं आंतून आजीची किंकाळी ऐकूं आली.

आजीनें झांकण काढून भांड्याच्या तळाशीं चिकटलेली चटणी बोटांनीं निपटावयास घेतली होती. तिचें चुकलें असें मला आजहि म्हणवत नाहीं. तिचें सारें आयुष्य चुलीपुढें गेलेलें. चूल आपला विस्तव लपवीत नाहीं. तींत धूर असतो, धग असते, राखेखालीं निखारा असला तरी हात जवळ नेतांच कळतें. लाईन गेलेला मिक्सर मात्र विझलेल्या चुलीहून थंड दिसतो. आंत कांहीं दबा धरून बसलें आहे, याची एकहि खूण तो बाहेर दाखवीत नाहीं.

आईनें धांवत येऊन यंत्राचें बटण फिरविलें. उजव्या हाताचीं दोन बोटें खोल कापलीं गेलीं होतीं. दवाखान्यांत टांके पडले, जखम भरून आली. पण तर्जनी त्यानंतर कधीं पुरती वाकली नाहीं. आजी रोज दुपारीं देवाकरितां वाती वळीत असे. तें काम तिला डाव्या हातावर घ्यावें लागलें, आणि त्या वाती वेड्यावांकड्या होऊं लागल्या.

त्या रात्रीं घरांत चौकशी झाली. भिंतीवरची कळ दाबलेली सांपडली होती, हें सर्वांनीं पाहिलेलें. काकू शपथेवर सांगत होती कीं ‘मीं ती बंद केली होती’. तिचें लग्न होऊन तेव्हां तीनच वर्षें झालीं होतीं, आणि अशा प्रसंगीं नव्या सुनेच्या शब्दाला घरांत किती वजन असतें हें वाचकांस सांगावयास नको. मोठी आई एवढेंच म्हणाली, “बंद केली होती तर सुरू कोणी केली?” मी दाराआड उभा होतों. उत्तर माझ्यापाशीं होतें. मीं तें दिलें नाहीं. आठ दिवसांनीं तर मीं काकूला आईपाशीं असें बोलतांना ऐकलें कीं, “कदाचित् मी विसरलेंही असेन.” माझ्या भ्याडपणामुळें एका मनुष्याचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडाला, हें मला त्या वयांतहि समजलें. तरी मी बोललों नाहीं. जूनमध्यें काका वेगळ्या शेगडीची गोष्ट काढूं लागले.

वडिलांनीं मात्र दोष कोणाचा या वादांत भाग घेतला नाहीं. ते शेतकरी; विहिरीवरच्या मोटारीशीं त्यांचा रोजचा व्यवहार. लाईन रात्रींबेरात्रीं येते म्हणून पुष्कळ शेतकरी मोटारीला ऑटो-स्विच बसवितात. लाईन येतांच मोटार आपण होऊन चालू होते. शेंकडों मोटारी एकाच क्षणीं चालू झाल्या कीं रोहित्रावर भार पडून तें जळतें, म्हणून असे ऑटो-स्विच काढा असें शेतकऱ्यांना वारंवार सांगण्यांत येतें. वडील म्हणाले, “शेतांत आपण मुद्दाम जें बसवितों, तेंच घरांत नकळत बसलें होतें.” आणि दुसऱ्या दिवशीं त्यांनीं वायरमनला बोलाविलें.

त्या वायरमननें जें दाखविलें त्यानें सर्व मंडळी चकित झाली. त्यानें मिक्सरची कळ बंद केली आणि टेस्टरचें टोंक पिनेच्या भोंकांत घातलें. टेस्टरमधला लहानसा दिवा लागला. कळ बंद असतां भोंकांत वीज! कारण असें कीं, मूळच्या कारागिरानें कळ फेजच्या तारेवर बसविण्याऐवजीं न्यूट्रलच्या तारेवर बसविली होती. अशानें यंत्र थांबतें खरें, परंतु २३० व्होल्टची वीज यंत्राच्या पोटापर्यंत येऊन तशीच उभी राहते, आणि आंतील तार कोठें पत्र्याला टेकली कीं ‘बंद’ असलेलें यंत्रहि झटका देऊं शकतें. त्याहून वाईट म्हणजे, पिनेच्या तीन भोंकांतील वरचें जाड भोंक, अर्थिंगचें, तें नुसतें शोभेचें होतें. त्याला मागें तारच नव्हती. तिसरी पिन लांब कां असते, हें मीं त्या दिवशीं प्रथम ऐकलें. ती आंत जातांना सर्वांच्या आधीं टेकते आणि बाहेर येतांना सर्वांच्या शेवटीं सुटते. म्हणजे यंत्रांत वीज असेल तितका वेळ जमिनीशीं संबंध तुटत नाहीं. पुष्कळ घरीं ही पिन अडचण म्हणून मोडून टाकतात, किंवा नुसत्या तारांचीं टोकें भोंकांत घालून वर आगपेटीच्या काड्या ठोकतात. आमच्या रॉडचें तसेंच होतें. तो १५०० वॅटचा, म्हणजे सुमारें साडेसहा अँपिअर खाणारा, आणि लावलेला होता तो बारक्या तारेच्या, दिव्यापंख्याच्या लहान सॉकेटला. मिक्सर ५०० वॅटचा, त्याला दोन-सवादोन अँपिअर पुरतात; एकाच जागीं दोघांना बसविणें म्हणजे सायकलच्या कॅरिअरवर पोतें लादण्यासारखें, असें वायरमन म्हणाला. त्यानें रॉडकरितां जाड तारेची मोठी जागा निराळी केली, कळा फेजवर आणल्या आणि अंगणांत अर्थिंगचा खड्डा खोदून त्यांत कोळसा व मीठ भरलें. उन्हाळ्यांत आमची काळी जमीन वाळून भेगाळते, आणि कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाहीं. म्हणून त्या खड्ड्यांत पाणी घालीत जा, असें तो बजावून गेला. हें काम आजीनें आपण होऊन घेतलें. तुळशीला पाणी घातलें कीं उरलेला तांब्या ती त्या खड्ड्यांत ओती. पाहुणे विचारीत, ‘हा कोणता देव?’ आजी हंसे.

येथें एक गोष्ट सांगून ठेवतों, कारण पुष्कळ सुशिक्षितांचीहि तींत गफलत होते. फ्यूज किंवा एमसीबी तारांचें रक्षण करते, मनुष्याचें नव्हे. मनुष्याला मारण्यास एका अँपिअरचा लहानसा अंशहि पुरतो, आणि तेवढ्यानें फ्यूजला जागहि येत नाहीं. मनुष्याकरितां आरसीसीबी नांवाचें निराळें साधन असतें. जाणारी व परत येणारी वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला कीं तें सेकंदाच्या अंशांत पुरवठा तोडतें. आमच्या घरीं तें पुढें कांहीं वर्षांनीं बसलें.

इतकें सर्व झालें, तरी काकूवरचा डाग तसाच होता. वायरमननें तारा सुधारल्या, पण कळ कोणी दाबली हें त्याच्या टेस्टरला कळण्यासारखें नव्हतें.

श्रावण आला. नागपंचमीला आमच्याकडे विळीला हात लावीत नाहींत आणि चुलीवर तवा ठेवीत नाहींत. त्यामुळें त्या दिवशीं स्वयंपाकघर लवकर निवतें. सकाळीं शाळेच्या मुलांबरोबर हुतात्म्यांस वंदन करून मी घरीं परतलों. आजी खांबाशीं बसून डाव्या हातानें वात वळीत होती. ती पुन्हां पुन्हां सुटत होती. मीं तिच्याजवळ बसून सर्व सांगून टाकलें. ती रागावेल अशी माझी अपेक्षा होती. तिनें विचारलें, “दोनी बटनं सारखेच दिसते काय रे?” मीं होय म्हटलें. ती उठली, बोर्डापुढें उभी राहिली आणि म्हणाली, “मले दाखव.” जन्मांत तिनें त्या बोर्डाला हात लावला नव्हता. मीं दाखविलें. मग ती म्हणाली, “आता हे तुया काकूले सांग. म्या नाई सांगनार.”

काकू पडवींत तांदूळ निवडीत होती. तिनें ऐकून घेतलें. पुष्कळ वेळ ती सुपांतले खडे काढीत राहिली, आणि मग एवढेंच म्हणाली, “तेव्हांच कां नाहीं सांगितलंस?” मला उत्तर नव्हतें. आंत जाऊन मोठ्या आईला सांगितलें तेंहि मींच. मोठी आई कांहीं बोलली नाहीं; संध्याकाळीं तिनें पहिलें ताट काकूला वाढलें. वेगळ्या शेगडीची गोष्ट त्यानंतर निघाली नाहीं. पांच वर्षांनीं काका नोकरीकरितां अमरावतीस गेले, ती गोष्ट निराळी.

दुसऱ्या दिवशीं बोर्डावर नवा नियम दिसला, आणि तो काकूचा होता. वाटण झालें कीं पिन भिंतींतून उपटून मिक्सरच्या झांकणावर ठेवावयाची. पिन झांकणावर दिसली तरच भांड्यांत हात घालावयाचा. भिंतीवरची कळ आणि यंत्राचें बटण यांवरचा आई-काकूंचा जुना मतभेद त्यांत आपोआप मिटला. कळांवर अक्षरें काढावीं असें माझें म्हणणें होतें, पण आजीला अक्षर येत नव्हतें. म्हणून काकूनें नखाच्या रंगानें मिक्सरच्या कळेवर एकच ठसठशीत लाल ठिपका काढला. पुढें अमेरिकेहून आत्याचा मुलगा आला, तेव्हां त्याचा त्या बोर्डापुढें नेहमीं गोंधळ होई. तिकडे कळ वर केली म्हणजे चालू, इकडे खालीं केली म्हणजे चालू. त्यालाहि आजीनेंच तो ठिपका दाखविला, आणि तेथें हात लावूं नको म्हणून बजावलें.

काकू माझ्याशीं तीन आठवडे बोलली नाहीं. ताटांत वाढी, शाळेचा डबा भरून देई, शब्द नाहीं. पोळा झाला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशीं धाकट्या भावाबरोबर मी आपला लांकडी बैल घेऊन घरोघर फिरलों, आणि सर्वांत शेवटीं, भीत भीत, आमच्याच स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशीं येऊन थांबलों. काकू चटणी वाटीत होती. तिनें मिक्सर थांबविला, पिन काढून झांकणावर ठेवली, हात पदराला पुसले, बैलाला कुंकू लावलें आणि बोजारा म्हणून दहा रुपयांची नोट त्याच्या शिंगांत अडकवून म्हणाली, “धर. आणि आंत ये, चटणी चाखून सांग, मीठ कमी तर नाहीं ना.”