सुपारीची आश्विनी

कोजागिरीच्या रात्री घरातील ज्येष्ठ अपत्यास ओवाळावयाचे, यास आपल्याकडे आश्विनी करणे म्हणतात. आमची थोरली मुलगी नोकरीनिमित्त सिंगापुरास गेली, तेव्हापासून आठ वर्षे आमच्या घरची आश्विनी एका सुपारीचीच होत आली. पाट मांडावा, भोवती रांगोळी काढावी, पाटावर सुपारी ठेवावी आणि सौभाग्यवतींनी तीस हळदकुंकू लावून निरांजन ओवाळावे. ओवाळताना त्यांच्या डोळ्यांस पाणी आलेले आम्ही कधी पाहिले नाही. मात्र ओवाळून झाल्यावर ती सुपारी त्या लवकर उचलीत नसत.

पेणची आमची रामवाडी म्हणजे काही निवांत खेडे नव्हे. मुंबई-गोवा महामार्ग अगदी शेजारून जातो आणि मध्यरात्रीही गाड्यांची घरघर थांबत नाही. तरी आश्विनात, पावसाने धुऊन काढलेल्या आकाशात चंद्र वर आला आणि पलीकडच्या पिकल्या भातावर चांदणे पसरले, म्हणजे ती घरघरही जरा दूर गेल्यासारखी वाटते. कोकणात या पौर्णिमेस नवान्न पौर्णिमा म्हणतात. नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांबरोबर दारावर बांधाव्या, गच्चीवर केशर-वेलचीचे दूध आटवावे, आणि लक्ष्मी ‘कोण जागे आहे?’ म्हणून विचारीत येईल तेव्हा आपण जागे असावे, एवढाच या सणाचा थाट.

२०२५ साली सौभाग्यवतींनी सुपारी मांडण्याचे साफ नाकारले. ‘या खेपेस पाटावर मुलगी बसली पाहिजे,’ असे त्या म्हणाल्या, आणि आम्ही उभयतां सिंगापुरास गेलो. तेथे गेल्यावर कळले, की त्याच दिवशी, म्हणजे ६ ऑक्टोबरला, चिनी लोकांचाही शरदोत्सव आहे. त्यांच्या आठव्या महिन्याची ही पौर्णिमा बहुधा आपल्या भाद्रपदात पडते. परंतु त्यांचे पंचांगही आपल्याप्रमाणेच चांद्रमासांचा सूर्याशी मेळ घालणारे असल्यामुळे त्यांच्यातही अधिक मास येतो, आणि त्या वर्षी त्यांचा सहावा महिना अधिक होता. त्यामुळे त्यांची पौर्णिमा महिनाभर पुढे सरकून आमच्या कोजागिरीस येऊन मिळाली होती.

विषुववृत्ताजवळच्या त्या शहरी शरद ऋतू म्हणून काही नाहीच. बारा महिने तोच उकाडा आणि तीच दुपारची सर. असे असूनही चायनाटाऊनच्या रस्त्यांवर कंदिलांच्या रांगा झगमगत होत्या आणि लहान मुले हाती कंदील घेऊन उंच इमारतींच्या खालच्या बागांतून हिंडत होती. ज्यांच्या पूर्वजांनी चीनमधील आपली शेते सोडली, त्यांनी सुगीचा सण मात्र बरोबर आणला, आणि शरद नसलेल्या गावी वर्षातून एक रात्र तरी शरद ऋतू आणून बसविला. सोमवार होता आणि त्या सणास तेथे सरकारी सुटी नसते. त्यामुळे आमची मुलगीही इतरांप्रमाणे कचेरीतून धावतपळतच घरी आली.

येताना तिने चंद्राच्या आकाराच्या चिनी वड्यांचा डबा आणला होता. या वड्यांत कमळबियांचे गोड सारण असते आणि पुष्कळदा मधोमध बदकाच्या खारवलेल्या अंड्याचा पिवळा बलक, चंद्र म्हणून ठेवलेला असतो. सौभाग्यवतींच्या सोवळ्याचे भान ठेवून तिने बिनबलकाच्या वड्या शोधून आणल्या होत्या. ‘कमळ म्हणजे लक्ष्मीचेच आसन,’ असे म्हणून सौभाग्यवतींनी एक वडी नैवेद्यास ठेवली. चिनी कथेत चंद्रावर एक देवी राहते आणि तिच्याजवळ एक ससा खलबत्त्यात अमृतौषधी कुटीत असतो, असे मुलीने सांगितले, तेव्हा आम्हांस मोठी मौज वाटली. आमच्या पूर्वजांनी चंद्रास शशांक म्हटले ते याच सशावरून. औषध कुटण्याचे काम तेवढे त्यास आम्ही लावून दिले नाही!

आठ वर्षांनी पाटावर मुलगी बसली. ओवाळणे चालू असतानाच शेजारची चिनी वृद्धा वड्यांचे ताट घेऊन दाराशी आली आणि थबकून पाहत राहिली. मग तिने खुणेने आम्हां सर्वांस आपल्या घरी नेले. हा सण त्यांच्यात मुख्यतः कुटुंबाने एकत्र जेवण्याचा. मेजावर तीन माणसांची जेवणे होऊन गेली होती. चौथा वाडगा मात्र कोराच होता. तिचा थोरला मुलगा मेलबर्नला असतो आणि त्याचा वाडगा ती दर वर्षी मांडते, एवढे आमच्या मुलीने विचारून आम्हांस सांगितले. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. घरी जाऊन त्या निरांजन आणि एक सुपारी घेऊन आल्या, सुपारी त्या कोऱ्या वाडग्याशी ठेवली, तीस कुंकू लावले आणि ओवाळली. त्या बाईंस मराठी येत नव्हते आणि आमच्या सौभाग्यवतींस चिनी. तरी पुष्कळ वेळ त्या दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या.

मध्यरात्री खिडकीतून पाहिले तो खालची बाग सामसूम झालेली. दुसऱ्या दिवशी सर्वांस कामावर जावयाचे होते. जागे आम्ही तिघेच. रामवाडीस फोन लावला, तेथे साडेनऊच वाजले होते आणि शेजाऱ्यांचे दूध नुकते चुलीवर चढले होते. त्या वेळी आमच्या मनात आले, की आमची लक्ष्मी ‘कोण जागे आहे?’ असे विचारते, आणि चिनी चंद्र ‘कोण घरी आले आहे?’ असे विचारतो. तरुणपणी हे दोन प्रश्न निराळे वाटतात. मुले दूर गेली, म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यावरच अवलंबून असते, हे आईबापांस कळू लागते.

मुलीस ‘परत ये’ म्हणून सांगावयाचे, असा निश्चय करून आम्ही गेलो होतो. ते शब्द अखेरपर्यंत आमच्या तोंडून निघाले नाहीत. तिची नोकरी, तिचे शेजार आणि तिने तेथे मांडलेले घर पाहिल्यावर तो निश्चय आमच्याच सोयीचा होता, असे आम्हांस वाटू लागले.

२०२६ साली आपल्याकडे अधिक ज्येष्ठ. त्यामुळे चिनी पौर्णिमा सप्टेंबरअखेर आणि कोजागिरी ऑक्टोबरअखेर. दोन्ही सण पुन्हा आपापल्या वाटेने जातात. सौभाग्यवतींनी मात्र आम्हांस आधीच बजावून ठेवले आहे, की त्या कोजागिरीस माळ्यावरचा मोठा पाट काढावयाचा; सुपाऱ्या दोन मांडावयाच्या आहेत.