ज्याचें त्याचें स्थान

संगणकांत नवें सॉफ्टवेअर बसवितांना तें नेमकें कोठें जाऊन राहतें, असें आमच्या वर्गांत क्वचितच कोणी विचारतें. बटण दाबलें, काम झालें, एवढ्यावर मुलें संतुष्ट असतात. परंतु हा प्रश्न केवळ कारागिरांचा नाहीं.

प्रत्येक कार्यप्रणालीची याबाबत स्वतंत्र रीत आहे. विंडोजमध्यें १९९५ सालापासून 'प्रोग्राम फाइल्स' नांवाचा फोल्डर आहे; बाहेरून आणलेलें सॉफ्टवेअर बहुधा तेथें राहतें. फ्रीबीएसडी ही प्रणाली मागाहून आणलेलीं पॅकेजें 'यूएसआर' नांवाच्या मोठ्या फोल्डरांतील 'लोकल' येथें ठेवते. नेटबीएसडी त्यांस 'यूएसआर'मध्येंच 'पीकेजी' हें स्थान देते. लिनक्सादि प्रणालींच्या २०१५ सालच्या प्रमाण नियमावलींत अशा जोड-पॅकेजांसाठीं 'ऑप्ट' ही जागा नेमून दिली आहे. डेबियन ही लिनक्सची शाखा मात्र आपल्या भांडारांतील पॅकेजें सरळ 'यूएसआर'मध्यें, मूळ प्रणालीच्या शेजारीं बसविते आणि 'लोकल' हा कप्पा यंत्राच्या व्यवस्थापकासाठीं मोकळा सोडते.

मग तेथें गोंधळ कां होत नाहीं? कारण कोणती फाइल कोणत्या पॅकेजाची, याची जणूं वहीच डेबियन ठेवते. पॅकेज काढावयाचें झाल्यास वही पाहून तेवढेंच काढलें जातें.

या वहींत नांव नसलेल्याची गत काय होते, हें आमच्या शाळेनें पाहिलें आहे. नववीच्या मुलांनीं ग्रंथालयांतील पुस्तकें शोधण्याची एक लहानशी आज्ञावली मोठ्या कष्टानें लिहिली होती. बाहेरून आलेल्या एका कारागिरानें ती प्रणालीच्याच फाइलींत नेऊन ठेविली. पुढें एका नव्या पॅकेजाबरोबर त्याच नांवाची फाइल आली. मुलांच्या फाइलीची नोंद कोठेंच नव्हती; ती निमूटपणें पुसली गेली. त्या तासास आम्ही धडा पुढें नेऊं शकलों नाहीं. सुदैवानें एका मुलीनें सारी आज्ञावली आपल्या वहींत शाईनें उतरून घेतली होती. चार दिवस खपून मुलांनीं ती पुन्हां लिहिली व 'लोकल'मध्यें ठेविली. डेबियनचीं पॅकेजें त्या जागीं आपल्या फाइली ठेवीत नाहींत.

तात्पर्य, विद्यार्थिमित्रहो, एकत्र राहावयाचें तर नोंद चोख हवी, आणि नोंद नसेल तर जागा निराळी हवी. घरच्या संगणकावर कांहीं नवें बसविण्यापूर्वीं तें कोठें जाणार आहे, हें वाचून पाहावें. आईवडिलांनींही मुलांस तें अवश्य विचारावें. कोठें ठेविलें हें ज्याचें ठाऊक असतें, तेंच वेळेवर सांपडतें, आणि नको झाल्यास निःशेष काढतां येतें.