सावकाश वाचायची कादंबरी

गो. नी. दांडेकर यांची 'माचीवरला बुधा' ही परतण्याची कादंबरी आहे. मुंबईत आयुष्य गेलेला बुधा नावाचा एक म्हातारा मुलाचा संसार तिथेच सोडून राजमाचीच्या माथ्यावर येतो आणि झाडं, पाखरं, जनावरं यांच्या संगतीत नव्यानं राहू लागतो. कथानक एवढंच. वर्णनं ओलांडून संवाद गाठायची सवय असलेल्या वाचकाच्या हाती इथे फारसं लागत नाही, कारण ऋतू पालटणं हीच यातली घटना आहे. म्हणून एका बैठकीत थोडंच वाचावं, आणि शक्य तर मोठ्यानं. दांडेकरांची वाक्यं बोलीच्या चालीनं चालतात. ती चाल डोळ्यांपेक्षा कानाला आधी सापडते.

विदर्भातल्या कोरपन्यात ही कादंबरी वाचताना जागेचा फरक सांभाळावा लागतो. राजमाची घाटमाथ्यावरची, तिथला पाऊस कोकणातून चढून येतो आणि उतारावरून वाहून जातो. कोरपना काळ्या जमिनीचा, कापसाचा तालुका. एका अंगाला माणिकगडाचे डोंगर, दुसरीकडे गडचांदूर-आवारपूरचे सिमेंट कारखाने. इथे झड लागली की कापसाच्या पऱ्हाटीत कोळपणीचा डवरा चालत नाही, चिखल पायाला धरून राहतो. बुधाचा पाऊस वाचताना हा चिखल मनात येतोच; त्याला येऊ द्यावं, पण पुस्तकातल्या पावसावर लादू नये. दांडेकर स्वतः विदर्भातले, 1916 साली परतवाड्याला जन्मलेले. सह्याद्री त्यांनी पायी फिरून आपलासा केला. कोरपन्याच्या वाचकाला या गोष्टीनं खरोखर धीर येतो.

ही कादंबरी हळुवार आहे, पण हळुवार म्हणजे सोपं नव्हे. बुधाच्या शांततेत म्हातारपण आहे, एकटेपण आहे, आणि मुलापासून तुटणंही आहे. हे वगळून वाचलं तर कादंबरी सहलीचं वर्णन होते. नव्यानं राहू लागणं कोरपन्याच्या भागालाही ओळखीचं आहे: शेजारच्या जिवतीच्या डोंगरावर 1972 च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातून आलेली कुटुंबं वसली. त्या डोंगरांत कोलाम आणि गोंड आधीपासून राहत होते. नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मोकळी भुई क्वचितच मिळते. बुधा मात्र स्वतःच्याच जुन्या जागी परततो, म्हणून त्याला कोणाची परवानगी लागत नाही. हा फरक मनात ठेवला की त्याचं सुख किती दुर्मीळ आहे ते उमगतं.

यानंतर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) घ्यावी. तिथे नवखा माणूस तरुण मास्तर आहे, वाडी धनगरांची आहे, आणि अखेरीस दुष्काळ ती वाडी रिकामी करतो.